भगवंतरावांचा शेवटचा घोट

हकीम अब्दुल सत्तार जोडेही न काढता आत शिरले आणि बसण्याआधीच ओरडले, "नत्थुजी, दमणी जुंपा! एका गरीब बाईचा जीव घेऊन राहिले लोक!"

अमरावतीच्या कापूस बाजारामागच्या बोळात नत्थुजी राहत. अमेरिकेत लढाई पेटल्यापासून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि भावाबरोबर लबाडीलाही ऊत आला होता. कोणी कापसावर पाणी मारून वजन वाढवी, कोणी गाठीच्या पोटात माती कोंबी. चोर सापडेना की अडते नत्थुजींना बोलावत. माणूस अंगानं काटकुळा, जिभेचा तिखट आणि नजरेचा पक्का. त्यांच्याकडे त्या दिवशी अकोल्याचे दलाल रामराव उतरले होते. रामराव मनानं लोणी, पण डोकं जरा सावकाश चालायचं.

"कोन बाई?" नत्थुजींनी विचारलं.

"कोळसरची सुभद्रा. भगवंतरावांची विधवा सून. काल दुपारी म्हातारा गेला. गाव म्हनते, सुनेनं पेजेत सोमलाचं जहर घातलं. तिले कापसाच्या कोठीत कोंडून ठेवलं. आज सांजेले दर्यापूरहून जमादार येऊन राहिला. एकदा का त्यानं तिले नेलं, मंग कोन कोनाले पुसते?"

नत्थुजी उठले, पागोटं डोक्यावर ठेवलं आणि बाहेर पडले. रामराव अर्धी भाकर हातात घेऊनच मागोमाग धावले.

दमणीचे बैल दर्यापूरच्या वाटेला लागले. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस होता.

"म्हाताऱ्याले झालं काय होतं?" नत्थुजींनी विचारलं.

"पावसाळ्यात लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पन खरी पंचाईत घशाची. गिळताच येईना." हकीमसाहेबांनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं. "घशात दोन वाटा असतात, एक अन्नाची, एक श्वासाची. आपन गिळतो तवा श्वासाची वाट आपोआप झाकल्या जाते. लकव्यानं ते झाकन मंद होते. पानी पातळ. झाकन पडायच्या आतच ते छातीत उतरते. घट्ट पेज दमानं सरकते, तिच्यासाठी झाकनाले वेळ भेटते."

"म्हनजे मानूस पेज खाऊन जगन अन् पानी पिऊन मरन?" रामरावांनी डोळे मोठे केले. "हे तं उलटंच झालं!"

"उलटं का सुलटं, मी डोयानं पाह्यलं ना! चमचाभर पानी देलं, अन् 'आ' म्हना म्हटलं. आवाज असा आला, जसा गुळन्या करता करता मानूस बोलते. मंग खोकला, तोंड निळं. ज्वारीची घट्ट पेज देली, कंठमनी नीट वर गेला, आवाज कोरडा आला. तवाच सांगितलं, या मानसाले पातळ पानी म्हनजे जहर. पाजायचं तं पीठ लावून, घट्ट करून."

"कोनाकोनाले सांगितलं?"

"सारं घर समोर बसवलं. सून, बहीन पार्बताबाई, पुतन्या जानराव. ताठ बसवा, पाठीले लोड बांधा, हनुवटी छातीकडे, मान लुळ्या बाजूले वळवा. लहान घास. गिळला का पाहा, गालात उरलं का पाहा, मंगच दुसरा. अन् खाऊन झाल्यावर भल्ला वेळ निजवू नोका. सुभद्रेनं हे सारं केलं. लेकीनं नाही केलं असतं एवढं केलं. म्हातारा सुधरून राहिला होता. गेल्या खेपेले त्यानं 'सुभ' म्हनून हाक मारली होती तिले." हकीमसाहेबांनी गुडघ्यावर मूठ आपटली. "अन् तिलेच आता जहर घालनारी म्हनून राहिले!"

"मुडदा पाह्यला तुमी?"

"सरन रचायच्या आधी पोचलो. ओठ निळे, तोंडाले फेस, मानेखालचं अंथरून चिंब ओलं. ना ओकारी, ना जुलाब. सोमलानं मानूस पोट धरून गडबडा लोळते. हे सांगितलं तं म्हनते कसे, हकीम सुनेले मिळालेला हाय!"

नत्थुजींनी बैल जोरात हाकायला सांगितले.

कोळसरला पोचले तेव्हा अंगणात ही गर्दी. कोणी तंबाखू मळत होतं, कोणी सुभद्रेच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतं. याच लोकांनी तिच्या हातचं जेवून ढेकर दिले होते. तिचा नवरा गेला तेव्हा हेच लोक "पोरगी गाय आहे" म्हणाले होते. गाय काल दुपारपासून कोठीत कोंडलेली होती आणि तिला घोटभर पाणी द्यावं असं एकालाही वाटलं नव्हतं. अशा गावाच्या तोंडाला लागू नये, पण नत्थुजींना लागावं लागलं.

"साखळी कोनी लावली?" ते गरजले. "काढा आधी! बाई म्हनजे काय ढोर हाय?"

गावच्या पाटलानं चुळबुळ करत साखळी काढवली. रामरावांच्या घशाला तोवर कोरड पडली होती. ओसरीवरचा तांब्या तोंडाला लावला आणि तसाच घोट अंगणात थुंकला.

"थू! हे काय, मीठ टाकलं का?"

पाटील हसला. "खारपानाचा मुलूख हाय बावा हा. साऱ्या विहिरी अशाच. पाव्हन्याले ताक द्या रे."

सुभद्रा उंबऱ्याशी बसली. डोळे सुजलेले, पण आवाजात रडू नव्हतं.

"काल काय झालं ते सांग, माय," नत्थुजी म्हणाले.

"रोजच्यासारखी पेज चारली. लोड पाठीले बांधला होता, तो तसाच ठेवला. मामंजी टेकून बसले होते. मी धुनं घेऊन नदीवर गेली. वापस आली तं मामंजी उताने पडलेले अन् लोड पार तिकडच्या भिंतीले." तिनं ओठ चावला. "त्यायचा हात तं उचलत नव्हता. लोड सोडला कोनी? हे मी बोंबलून सांगितलं. कोनी आयकलं नाही."

"पेज उरली होती?"

"उरली होती. आत्याबाईले पुसा."

पार्बताबाई, भगवंतरावांची थोरली बहीण, देवघराच्या दारात बसली होती. काशीहून गंगा भरून आणलेली तांब्याची गंगाजळी तिच्या मांडीवर होती. तोंडावर कापड बांधून वर लाख ओतलेली. लाख कशी लालबुंद चकचकीत दिसत होती. "रोज पुसत असन म्हातारी," रामराव कुजबुजले.

"उरलेली पेज कोनं खाल्ली, मायबाई?" नत्थुजींनी विचारलं.

"म्या खाल्ली. आमच्या घरी अन्न फेकत नाहीत!" म्हातारी फणकारली.

"अन् जहराची तुमाले बाधा नाही झाली?"

म्हातारीचं तोंड उघडं राहिलं. आदल्या दिवसापासून जहर जहर म्हणून गाव नाचत होतं. हा एवढा साधा सवाल एकाही शहाण्याच्या डोक्यात आला नव्हता.

"मले कोनी पुसलंच नाही," ती पुटपुटली.

"काल दुपारी तुमी कुठं होत्या?"

"देवळात, पोथीले. रोजचंच हाय. वापस आली तं भाऊ गेलेला. तोंडात गंगा नाही पडली माया भावाच्या! जीव गेल्यावर घालून काय उपेग? याच्यासाठी आनली होती का म्या काशीहून?" ती हुंदके देऊ लागली.

जानराव तिच्याजवळ बसला होता. गळ्यात तुळशीमाळ, कपाळी बुक्का, बोलणं मऊ. त्यानं म्हातारीच्या पाठीवर हात फिरवला. "रडू नोका आत्याबाई. काकाले चांगली गती भेटली. मायं मन सांगते."

"तुमी काल कुठं होते?" नत्थुजींनी त्याला विचारलं.

"वावरात, वेचनीवर. बोंब आयकून धावत आलो."

"दिवसभर वावरातच?"

"वेचनारीन बाया इकडून तिकडे सरकत राह्यतात, त्यायच्यामागं मीही फिरत होतो. कोनाकोनाले दिसलो असन, कोनाले नसन." तो खाली बघून म्हणाला, "वहिनीबद्दल म्या वाईट बोललो नाही. गावच बोलते."

गाव बोलत होतं आणि हा मूग गिळून बसला होता.

नत्थुजी ओसरीवर फिरू लागले. कोपऱ्यात बाजारात दाखवायच्या कापसाच्या पुरचुंड्या होत्या, प्रत्येकीच्या गाठीवर लाखेचा ठिपका. शेजारी लाखेची कांडी पडली होती. त्यांनी पाटलाला बाजूला घेतलं.

"भगवंतरावांच्या मागं वावर कोनाचं?"

"येत्या पंचमीले दत्तक होतं ना! सुभद्रा तिच्या नात्यातला पोरगा मांडीवर घेनार होती. भगवंतरावनं पंचासमोर मान हालवून होकार देल्ला होता. विधी झाला असता तं सारं त्या पोराले. आता सासराच गेला. एकत्र घर हाय, आता जानरावच कर्ता. दत्तकाले त्याचा होकार लागन."

"अन् तो देईन?"

पाटील आकाशाकडे पाहू लागला.

रामरावांनी नत्थुजींची बाही ओढली. "जानराववर नोका जाऊ तुमी. देवमानूस हाय तो! मागच्या हंगामात अमरावतीले त्याच्या कापसावर पानी मारलेलं निघालं. घेनारा म्हने, गंगा उचल अन् सांग म्या पानी नाही मारलं. या बहाद्दरानं हात मागं घेतले, सारा माल वापस नेला, पन गंगेवर खोटं नाही बोलला. असा मानूस काकाले मारन का?"

"पानी मारलं होतं ना पन त्यानं?" नत्थुजी म्हणाले. मग त्यांनी रामरावांच्या कानात काही सांगितलं. रामराव गोंधळून देवळाच्या दिशेनं निघाले.

दिवस कलला होता. नत्थुजी अंगणाच्या मधोमध उभे राहिले.

"जमादार येईलच. त्याच्याआधी घरचे तिघं मायबाईजवळची ही गंगा उचलतील. पंचाईतीत उचलता तशीच."

गंगा हातात घेऊन खोटं बोललं तर वंश बुडतो, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. गर्दी पुढे सरकली.

आधी सुभद्रा. तिचे हात थरथरत होते. गंगाजळी छातीशी धरून ती म्हणाली, "म्या पेजेत काही घातलं नाही. मामंजीले पानी पाजलं नाही."

पार्बताबाईनं भांड्याला हातच लावला नाही. "मी पापीन हाय," ती म्हणाली. "दिवाळीच्या आधी हकीमाची मनाई मोडून भावाले चमचाभर पानी देल्लं होतं म्या. तो निळा पडला, मले वाटलं गेला. तवापासून कानाले खडा." रडून झाल्यावर तिनं थरथरत गंगा उचलली. "काल नाही देल्लं. गंगामाय, काल नाही."

मग जानराव. त्यानं एका हातानं गंगाजळी उचलली. "काल दुपारी मी काकाच्या खोलीत गेलो नाही. त्याले पानी पाजलं नाही." भांडं खाली ठेवलं आणि मिशीवरून हात फिरवला.

"पाहा!" गर्दीतून कोणी म्हणालं. "जानराव गंगाजळासारखा निर्मळ!"

"तेच पाहून राहिलो," नत्थुजी म्हणाले. त्यांनी अडकित्ता मागितला, लाख फोडली, कापड सोडलं आणि भांड्यातलं थोडं पाणी पार्बताबाईच्या तळहातावर ओतलं. "चाखा, मायबाई."

म्हातारीनं तळहात ओठांना लावला. तिचा चेहरा पाहता पाहता बदलला.

"खारं!" ती किंचाळली. "हे आपल्या विहिरीचं पानी हाय! मायी गंगा कुठं गेली?"

एकच गलका उठला. पाटलानं चाखलं, हकीमसाहेबांनी चाखलं. खारंच.

"गप बसा!" नत्थुजींचा आवाज चढला. "कालपासून तुमी बोलून राहिले, आता आयका. पेजेत जहर नव्हतं, कावून का तेच पेज या मायबाईनं खाल्ली अन् ती जित्ती हाय. ओकारी नव्हती. पन अंथरून ओलं होतं, ओठ निळे होते. लोड सोडून मानसाले उतानं पाडलं होतं. हकीमसाहेबांनी साऱ्या घराले शिकवलं होतं का म्हाताऱ्याले कसं जगवायचं. ज्यानं ते नीट आयकलं, त्याले हेही समजलं का म्हाताऱ्याले कसं मारायचं. उतानं पाडायचं, नाक दाबायचं, पानी ओतायचं. ना जखम, ना जहर."

सुभद्रेनं पदर तोंडात कोंबला.

"आता सवाल असा का कोनतं पानी? विहिरीचं घेतलं असतं तं काम झालंच असतं. पन मारनारा देवभोळा. काकाले मारायची तयारी, पन काका गंगेविना मरू नये! त्याच्या गतीची काळजी! म्हनून त्यानं देवघरातली गंगाजळी फोडली, गंगा काकाच्या घशात ओतली, भांडं विहिरीच्या पान्यानं भरलं अन् वरून नवी लाख लावली. जुनी लाख काळी पडते, तडकते. ही ओसरीवरच्या कांडीची, कालची. वापस येऊन आत्याबाईले सांगते, काकाले चांगली गती भेटली. गंगा पडली नाही म्हनून त्या रडून राहिल्या होत्या. मंग गती कशानं भेटली, जानराव?"

"म्या तं धीर देल्ला..." जानराव म्हणाला. "लाख कोनीही लावू शकते. घरात सारे येतात."

"बराबर. कोनीही." नत्थुजी त्याच्या समोर जाऊन उभे राहिले. "म्हनूनच गंगा उचलायले लावली. या दोघी बाया खरं बोलत होत्या तरी थरथरल्या, कावून का त्यायले वाटलं भांड्यात गंगा हाय. अन् तू? बाजारात पान्याच्या शिंतोड्यासाठी गंगेले हात नाही लावला. आज एका हातानं उचलली! तुलेच तेवढं मालूम होतं का आत विहिरीचं पानी हाय."

"हे खोटं हाय!"

"असन. रामराव, आना."

रामराव गर्दीतून पुढे आले. उपरण्याखालून त्यांनी देवळातली गंगाजळी काढली. गावचे पंच जिच्यावर शपथा घेत, तीच. लाख जुनी, काळपट, भेगाळलेली.

"हे खरी," नत्थुजी म्हणाले. "आता बोललास तेच हिच्यावर बोल. एवढं केलंस का मी तुया पाया पडीन अन् वापस जाईन."

जानरावच्या तोंडचं पाणी पळालं. हात पुढे आले, भांड्यापाशी थांबले आणि हळूहळू पाठीमागे गेले, बाजारात गेले होते तसेच. रामरावांनी ते ओळखलं आणि पहिल्यांदाच शिवी हासडली.

"बोल!" पाटील ओरडला.

जानराव मटकन खाली बसला. "कोरड्या घशानं नाही जाऊ देलं म्या त्याले," तो पुटपुटला. "गंगा देल्ली ना मी. पोटभर देल्ली. तो तं स्वर्गात गेला. कोन देते एवढं? एका परक्या पोराले सारं वावर द्यायचं, अन् म्या जन्मभर राबायचं?"

त्याच्या आवाजात पश्चात्तापाचा लवलेश नव्हता. उलट उपकार केल्याचाच तोरा होता. हकीमसाहेब त्याच्या अंगावर धावले, त्यांना दोघांनी धरलं. "म्हातारा बोलायले लागला होता रे!" ते ओरडत होते. "पंचमीपर्यंत त्यानं तुहंही नाव घेतलं असतं!"

पार्बताबाई उठली. कमरेतून वाकलेली ती बाई जानरावजवळ गेली आणि तिनं गंगाजळी उचलून आतलं खारं पाणी भांड्यासकट त्याच्या तोंडावर फेकलं.

जमादार आला तेव्हा त्याच्या हाती द्यायला माणूस तयार होता, फक्त जिला न्यायला तो आला होता ती नव्हे. गर्दी पांगू लागली. मघाशी सर्वांत मोठ्यानं ओरडणारे सर्वांत आधी पांगले. नत्थुजी त्यांच्या पाठमोऱ्या आकृत्यांकडे पाहून म्हणाले, "जहर तं या गावाच्या जिभेत होतं."

पार्बताबाई आतून ताकाचा गडवा घेऊन आली. सुभद्रेसमोर धरला. "घे, सूनबाई. कालपासून तुया घशाखाली काही गेलं नाही."

सुभद्रेनं गडव्याकडे पाहिलं. घसा तिचा खरंच सुकला होता. पण तिनं तो हातानं बाजूला सारला.

"तुमीच प्या, आत्याबाई. मले शिव्या देऊन घसा तुमचा वाळला असन." "मी दाराच्या फटीतून पानी मागून राहिली होती. तुमी आयकून राहिल्या होत्या."

म्हातारीनं गडवा खाली ठेवला.

पाटील घसा खाकरून पुढे आला. "सुभद्राबाई, ते दत्तकाचं... भगवंतरावनं पंचासमोर मान हालवली होती. आमी गवाही देऊ."

"द्यासाल तं बरं," सुभद्रा म्हणाली. "नाही देल्ली तं मी देवळातली गंगा घेऊन साऱ्या गावाच्या दारात उभी राहीन अन् एकेकाले उचलायले लावीन. पंचमीले पोरगा घरी येते."

मग ती सासऱ्याच्या खोलीत गेली. भिंतीशी पडलेला लोड तिनं उचलला, झटकला आणि रिकाम्या अंथरुणाच्या डोक्याशी, रोजच्या जागी, नीट बांधून ठेवला. तिथं बसून ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली.